बिनझालरीचा मांडव

आमच्या घरात झालर नसलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे माझे बाबा. बाकी उशी, मच्छरदाणी, विंझणा, आरसा, पाळणा, छत्री, जिथे म्हणून कड होती तिथे आत्याने झालर लावलेली होती. एकदा तिने शेळीच्या गळ्यातल्या दाव्याला लाल चुणीदार पट्टी शिवली आणि शेळीने ती संध्याकाळपर्यंत खाऊन टाकली. आत्याला त्याचंही कौतुक. म्हणाली, "गोड लागली असन, म्हनून खाल्ली."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती आमच्या गावी, बोरी अरबला, आमच्याकडे आली ती कायमची. दिवसा शेतात निंदायला, कापूस वेचायला जायची आणि उरलेला सगळा वेळ सुई. आठवडी बाजाराच्या दिवशी शिंप्याच्या दुकानापुढे बसून ती कातरण गोळा करी. बोटभर, वीतभर, मिळेल त्या रंगाच्या चिंध्या घरी आणायच्या, जोडून त्यांची लांब पट्टी करायची, एका अंगाला धावदोरा घालून तो ओढायचा, की चुण्या पडून झालर तयार. सांगायला सोपं आहे. मी करून पाहिली तेव्हा तिचा दोर झाला होता आणि बाबांनी त्याला बादली बांधली.

आमच्याकडे या शब्दाचा पसारा मोठा होता. मच्छरदाणी आखूड पडली की खाली झालर. उशीची शिवण फाटली की वर झालर. माझा परकर दर वर्षी आखूड व्हायचा, आणि नवा शिवण्याऐवजी आत्या त्याला खाली एक झालर वाढवायची. मी शाळेत चौथीत गेले तेव्हा मूळ परकर कमरेजवळ थोडासा उरला होता आणि बाकी सगळी मी झालरच होते. स्वयंपाकघरातल्या फळीला जुन्या वर्तमानपत्राची झालर असे, कात्रीने त्रिकोण कापलेली, त्यामुळे कोणत्या ना कोणत्या पुढाऱ्याचं अर्धं तोंड आमच्या मिठाच्या बरणीखाली लोंबत असे. आणि बोलण्यालाही झालर असायची. मी शाळेतून काही सांगत आले की आई चुलीपुढून म्हणायची, "झालर काढून सांग." झालर काढली की सांगण्यासारखं फारसं उरत नसे, हेही खरं. आता लिहितानाही माझ्या हातून एखादी चुणी पडतेच, ती वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावी.

बाबा मात्र एकदम कोरं कापड. दारव्ह्याच्या जिनात कामाला होते, दिवसभर सरकी आणि रुई यांच्यात राहून त्यांना फक्त दोनच गोष्टी दिसायच्या, कामाचं आणि बिनकामाचं. झालर बिनकामात जमा.

पण गावाला ती लागायची. पोळ्याच्या आधी शेतकरी बैलांच्या झुलींना झालर लावायला आत्याकडे देत, आणि लग्नसराईत मांडवाच्या झालरी तर तिच्याच. वरच्या आळीतल्या मांडवांनाही तिच्याच हातची झालर. आमच्या हाताचं पाणी त्यांना चालत नव्हतं, झालर चालत होती. ती कुंपणाबाहेरूनच द्यायची, वरून पाणी शिंपडून ते आत नेत, आणि मग आम्ही रस्त्यावर उभं राहून आमचीच झालर त्यांच्या मांडवाला हलताना बघायचो. मला याचा तेव्हा राग यायचा, आजही येतो, आणि तो राग कमी करून दाखवायची मला काही गरज वाटत नाही.

आपल्या वस्तीत लग्न असलं तर फरक एवढाच, की आत्या कुंपणाच्या आत असे. झालर बांधायला ती पुढे गेलेली चालायची नाही. मांडवाला हात लावायचा तो सवाष्णींनी. विधवेने शिवायचं, गुंडाळी करून द्यायचं आणि मागे सरायचं. आत्या मागे सरायची, पण गप्प बसायची नाही. निंबाखाली उभी राहून ओरडायची, "डावीकडं घ्या वं! ढिली पडून राह्यली! अवो, उलटी लावली, उलटी!" आणि कोणी तिचं ऐकायचं नाही. उलटी लागलेली झालर ती लग्न आटपेपर्यंत बघत राहायची. घरी आल्यावर जेवायची नाही.

छप्पन साली बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि आल्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून नवं सगळं समजावून सांगितलं. देव्हारा गेला, अंगारे गेले, नवस गेले. माणूस माणसासारखा, कोणी उंच नाही, कोणी नीच नाही, कोणी शुभ नाही, कोणी अशुभ नाही. आत्या दोरा ओवता ओवता ऐकत होती. सगळं संपल्यावर तिने एकच विचारलं.

"मंग आता मांडवाची झालर मले बांधता येईन?"

"येईन काय? येतेच!" बाबा म्हणाले. "आता कोन आडवते तुले?"

त्याच दिवशी आत्याने माझ्या लग्नाची झालर सुरू केली. मी बारा-तेरा वर्षांची होते, लग्नाचा पत्ता नव्हता. पण तिला घाई होती. जन्मभर दुसऱ्यांनी उलट्या बांधलेल्या झालरी बघितलेल्या बाईला एक तरी सुलटी बांधायची होती, स्वतःच्या हाताने, सगळ्यांच्या समोर. तिने हे कधी लपवलं नाही. विहिरीवर, शेतात, बाजारात, ज्याला त्याला सांगायची, "पोट्टीच्या लग्नात मी बांधनार हाये." लोकांना वाटे, ही पोट्टीलाच बांधणार आहे.

झालर वाढत गेली. निळा, पिवळा, गुलाबी, मधेच पोलीस खात्याचं खाकी, कुणाच्या तरी चादरीची फुलं. ती पत्र्याच्या पेटीत मावेना तेव्हा पेटी बदलली.

इकडे बाबांचं कोरेपण मात्र दर वर्षी वाढत गेलं. दीक्षेनंतरच्या लग्नांत कसं काय करायचं हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. जुनं सोडलं होतं आणि नवं अजून अंगवळणी पडलं नव्हतं. पांढरं लुगडं, बुद्धाचा फोटो, मेणबत्त्या, त्रिशरण, पंचशील, एवढं पक्कं. त्यापुढे ज्याचा तो. बाबांनी आपल्यापुरता नियम केला, की पंचशील हे कापड आणि बाकी सगळी झालर. हळद झालर, बाशिंग झालर, वाजंत्री झालर, घोडा झालर, पंगतीतली बुंदीसुद्धा झालर. वस्तीतल्या बैठकीत ते उभे राहून सांगत, "झालर काढा! कापड दाखवा!" आणि लोक टाळ्या वाजवत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आत्यानेही वाजवल्या, आपल्याबद्दल आहे हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

साठ सालानंतर दोन-तीन वर्षांनी माझं जमलं. मुलगा यवतमाळकडचा, शाळामास्तर. मी सातवी शिकलेली, पांढऱ्या लुगड्यात बिनदेवाचं लग्न करायला तयार, नव्हे अभिमानाने तयार. तारीख ठरली त्या संध्याकाळी आत्याने पेटी ओढून अंगणात आणली आणि झाकण उघडलं. बाबांनी आत पाहिलं.

"हे कायले?"

"मांडवाले."

"आपल्या मांडवाले झालर नाही लागत बाई."

"तूच तं म्हनलं होतं, मले बांधता येईन म्हनून."

"म्हनलं होतं. आताबी म्हंतो. पन झालरच नाही तं बांधाचा सवालच कुठी येते?"

आत्याने झाकण लावलं. मी बाबांना म्हटलं, "बाबा, एवढी एक लावू द्या तिला." त्यावर त्यांनी मला चांगलं तासभर ऐकवलं, की एवढी एक म्हणता म्हणता सगळं मागच्या दाराने परत येतं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला जास्तच चीड आली. आत्या त्या दिवसापासून बाबांशी बोलेनाशी झाली. एकाच ओसरीत बसून ती मला सांगायची, "त्याले म्हन, भाकर घे." बाबा मला सांगायचे, "तिले म्हन, घेतली." मी मधे बसून कांदा खायची.

त्यात माझे होणारे सासरे बाबांच्याही वरचढ निघाले. दर बाजाराला मध्यस्थ निरोप घेऊन यायचा. पहिला निरोप आला, आम्ही बँड आणणार नाही. बाबा खूश. उलट निरोप गेला, आम्ही मांडवात रंगीत कागदाचा कपटा लावणार नाही. पुढच्या बाजाराला, नवरदेव जुन्याच कोटावर येईल. बाबांनी विचार करून कळवलं, आम्ही खुर्च्या मांडणार नाही, सगळे चटईवर. तिकडून आलं, आमच्या बाया दागिना घालणार नाहीत. बाबा रात्रभर तळमळले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवणातून बुंदी काढली. पानसुपारी गेली, गुलाबपाणी गेलं. आई म्हणाली, "आता नवरी तेवढी राह्यली काढाची." कोणाचं लग्न साधं यावरून दोन घरांत अशी चुरस लागली, की माझं लग्न आहे हे दोघेही विसरले असावेत.

लग्नाचा दिवस उजाडला. अंगणात चार बांबूंवर पांढरी चादर, खाली चटया, चटयांवर वस्तीतली माणसं, बाया पांढऱ्या लुगड्यांत. बाबांनी सगळ्यांना बजावलं होतं, वऱ्हाड आलं की आरडाओरड नको, गंभीरपणे बसायचं. लोक मान खाली घालून बसले होते. दारव्ह्याहून सायकलवर आलेले, बुद्धाच्या गाथा म्हणणारे गृहस्थ एका बाजूला डोळे मिटून बसले होते. पोरांनाही दटावून बसवलं होतं. मी आत, पांढरं लुगडं नेसून तयार. आत्या माझ्याजवळ, पेटीवर बसलेली.

वऱ्हाडाच्या बैलगाड्या आल्या. वाजंत्री नव्हती, म्हणून त्या आल्याचं कळलंही नाही. पहिल्या गाडीत नवरदेवाची आजी होती, डोळ्यांनी अधू, कानांनीही तशीच. गाडी दाराशी थांबली. आजीने मान उंचावून पाहिलं. पांढरी चादर, पांढरी लुगडी, खाली माना आणि चिडीचूप. तिला गाडीतून उतरवायला दोघं धावले, पण ती आपली आपण उतरली आणि छाती पिटत तिने हंबरडा फोडला.

"काय झालं वं माय! ऐन लग्नाच्या दिवशी कोन गेलं वं माय!"

आमच्या बायांनी ते ऐकलं. वऱ्हाडाची म्हातारी दारात रडते म्हणजे वाटेत वऱ्हाडातलंच कोणी गेलं, एवढंच त्यांना कळलं. आमच्याकडे रडणाऱ्या बाईला एकटीने रडू देत नाहीत, गळ्यात पडून रडायचं असतं. त्या उठल्या, धावल्या आणि आजीच्या गळ्यात पडल्या. मग दुसऱ्या गाडीतल्या बाया उतरल्या. इकडच्या बाया रडतात म्हटल्यावर त्याही गळ्यात पडल्या. पाहता पाहता दाराशी सगळ्या एकमेकींना धरून रडत होत्या आणि कोण गेलं हे एकीलाही ठाऊक नव्हतं. पुरुषांनी टोप्या काढून हातात घेतल्या. गाथा म्हणणाऱ्या गृहस्थांनी डोळे उघडले, क्षणभर पाहिलं आणि प्रसंग ओळखून त्यांनी मरणाच्या वेळी म्हणायची गाथा सुरू केली.

आत मला वाटलं, नवरदेवच गेला. दुसरं कोणासाठी एवढं रडतील?  त्यांना मी एकदाच पाहिलं होतं, तेही कोटाच्या खिशापर्यंत, वर बघायचा धीर झाला नव्हता. आता रडायचं की नाही हे मला समजेना. ओळख नव्हती, पण हक्क तर माझाच पहिला होता. मी रडायला सुरुवात केली.

"थांब," आत्या म्हणाली. "पहिले पाहू तं दे."

ती बाहेर गेली. दारात माझे बाबा आणि माझे सासरे समोरासमोर, दोघांच्या टोप्या हातात, दोघांचे डोळे ओले.

"तुमच्याकडलं कोन गेलं?" बाबा विचारत होते.

"आमच्याकडलं कोनी नाही. तुमच्याकडलं?"

"आमच्याकडलंबी कोनी नाही."

"मंग तुमी काहून रडून राह्यले?"

"तुमी रडून राह्यले म्हनून."

आत्याचा आवाज मी खिडकीतून ऐकला. विहिरीपर्यंत गेला असेल. "चूप बसा साऱ्या! कोनी नाही मेलं! लग्न हाये हे, लग्न!"

रडणं तुटलं. मध्येच कोणाचा तरी हुंदका राहिला होता, तोही आवरला. आजीने पदराने नाक पुसलं आणि चादरीकडे बोट केलं. "लग्न हाये तं झालर काहून नाही लावली? मांडव असा उघडा ठेवतेत काय? मले तं वाटलं, तिरडीची तयारी करून राह्यले."

 सासरे खाली बघत म्हणाले, "आमच्या घरीबी काल शेजारचे भेटाले आलते. सांत्वन करून गेले."

पहिल्यांदा कोण हसलं ठाऊक नाही. मला वाटतं नवरदेव, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता आणि नंतर जन्मभर ओळखीचा झाला. मग सगळे हसले. आजी मात्र हसली नाही. चटईवर पाय द्यायला ती तयार होईना. एकदा रडून झालेल्या मांडवात मी तशीच बसणार नाही, म्हणाली, अगोदर झालर लावा. सासऱ्यांनी समजावलं, आजीने त्यांना गप्प केलं. मग सगळे बाबांकडे बघू लागले आणि बाबा आत्याकडे. कित्येक आठवड्यांनी ते तिच्याशी सरळ बोलले.

"बाई, ते तुही झालर हाये ना पेटीत?"

"हाये."

"दे मंग. बायकायले बांधू दे."

मी दारात येऊन उभी होते. नवरीने बाहेर येऊ नये, पण ते मी केलं. आत्याचा चेहरा मी पाहिला. तिने पदर कमरेला खोचला. ती म्हणाली, "देत नाही."

"आता काय झालं?"

"बायकायले देत नाही. मी बांधनार हाये. तू म्हनलं होतं."

 आमच्या वस्तीतली एक म्हातारी हळूच पुटपुटली, "शुभ दिवशी कायले? पोट्टीचं लग्न हाये. विधवेचा हात नको." पुटपुटली ती एकटीच, पण माना बऱ्याच हलल्या, आणि त्यात बैठकीत टाळ्या वाजवणाऱ्यांच्याही माना होत्या. बाबांनी त्या माना पाहिल्या. समोर व्याही, दारात लेक, आणि शुभ-अशुभाच्या ज्या गोष्टीवर त्यांनी बैठका गाजवल्या ती आता त्यांच्या अंगणात त्यांच्याच उत्तराची वाट बघत होती. मला खरंच भीती वाटली, की ते काहीतरी गोलमाल बोलतील. बाबा हात उगारतील, ओरडतील याची मला कधी भीती वाटली नाही, ते गुळमुळीत होतील याची वाटली.

बाबांनी टोपी डोक्यावर घातली, शेजारच्या शाळेच्या ओसरीवरून बाक उचलून आणलं आणि पहिल्या बांबूशी ठेवलं.

"चढ बाई," ते म्हणाले.

आत्या चढली. मी पेटी उघडून झालरीचं टोक तिच्या हातात दिलं. सुतळीची गाठ तिला बसेना. तिने जन्मभर झालरी शिवल्या होत्या, बांधली एकही नव्हती, ते निराळं काम आहे हे त्या दिवशी कळलं. एका बांबूवरून दुसऱ्या बांबूवर बाक सरकत गेलं आणि झालर कुठे वर चढली, कुठे खाली लोंबली, एका ठिकाणी तर चक्क उलटी लागली. मांडव चुरशीपायी एवढुसा केला होता, त्यामुळे तिचे दोन वेढे होऊनही झालर उरली. निळा, पिवळा, खाकी, गुलाबी, सगळं वाऱ्यावर फडफडायला लागलं आणि आजी चटईवर बसली.

मी दारात उभी राहून रडत होते, या वेळी कशासाठी ते मला पक्कं माहीत होतं.

शेवटच्या बांबूशी बाबा खालून म्हणाले, "बाई, इकडून वाकडी होऊन राह्यली. जराशीक डावीकडं घे."

आत्याने खाली पाहिलंसुद्धा नाही. "तू मले सांगू नको," ती म्हणाली. "तू बाक धर."

बाबांनी दोन्ही हातांनी बाक धरलं.